गावची खो-खो टीम: एप्रिल ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

६ एप्रिल

पीटी सरांबरोबर बसून ठरवलं एकदाचं. सुट्टी लागली की चौथी ते नववीच्या पोरापोरींना घेऊन खो-खो सुरू करायचा, शाळेमागच्या मैदानावर, सकाळी साडेसहा ते पावणेआठ, म्हणजे मला नंतर बेळगावची बस मिळते. सर रिटायर झालेत पण गाव अजून पीटी सरच म्हणतंय. बेळगावची सकाळ एप्रिलमध्येपण बरी असते, आठनंतर मात्र ऊन चढतं, तेव्हा वेळ पाळायची.

खो-खोच का, तर खर्च नाही. दोन खांब, फक्की, आणि पोरं. फुटबॉलची हवा शहरात मोठी आहे, पण बूट घ्या म्हटलं की आमच्याकडची निम्मी पोरं घरीच बसतील.

वहीच्या पहिल्या पानावर सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: पळायची शिक्षा कुणालाच द्यायची नाही. उशिरा आला, खो चुकला, मध्ये बडबड केली, काहीही असो, "चल ग्राउंडला पाच राऊंड मार" हे आमच्या तोंडातून जाणार नाही. माझं हे पक्कं मत आहे. खो-खो म्हणजे सगळा पळण्याचाच खेळ, आणि त्यात पळणं हीच शिक्षा करून ठेवली तर पोरगं खेळाकडं कशाला येईल? माझ्या शाळेच्या वेळी वर्गातल्या सगळ्यात वेगवान पोरी राऊंड मारून मारूनच कंटाळल्या आणि आठवीत खेळ सोडून गेल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सरांनीपण नोकरीत असताना हे खूप बघितलंय, म्हणून ते वाक्य त्यांनी लिहिलं, मी नाही.

१३ एप्रिल

खांब रोवले. जमिनीवर साधारण १२० सेंटीमीटर पाहिजेत, सुताराकडनं रंधा मारून गोल गुळगुळीत करून घेतलेत, कारण खांबाला हात लावून वळताना कूस टोचली की पोरं पुन्हा खांबाजवळ जात नाहीत.

नियम सांगायला बसलो नाही. आधी विषामृत, मग लंगडी, मग साखळी. विषामृतमध्ये हुलकावणी आपोआप येते, लंगडीत एका पायावर तोल येतो, साखळीत दुसऱ्याकडं बघून पळायची सवय लागते, आणि खो-खोला लागतं ते हेच तिन्ही. पोरांना वाटलं आज नुसता खेळच झाला, प्रॅक्टिस उद्यापासून. असंच वाटू दे की.

२० एप्रिल

आज मी एक काम केलं, एकाच पोरीवर नजर ठेवली. चौथीतली, सगळ्यात बारकी. पूर्ण टीमचा डाव लावला होता, आठजण चौकात बसलेले आणि एक पाठलाग करणारा, जुना नऊजणांचा नियम. ही मधल्या चौकात बसली आणि बसूनच राहिली. मोठी पोरं एकमेकांनाच खो द्यायलीत, हिच्यावरनं तीनदा निघून गेली, आणि ही मग मातीत काडीने चित्र काढायला लागली. तिचं काय चुकलं, काहीच नाही. खेळात तिला जागा होती पण काम नव्हतं.

म्हणून उद्यापासून मोठं मैदान बंद. फक्कीने तीन छोटी मैदानं आखायची, प्रत्येकात चारजण बसलेले, एक पाठलागाला, दोघं पळायला, दीड-दोन मिनिटाची पाळी, शिट्टी, बदल. बाकीचे बाहेर उभे राहायचे नाहीत, त्यांनी खो मोजायचे आणि पुढच्या पाळीला आत. रांगेत उभं राहणं हा पोरांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे असं सर म्हणतात आणि मला ते शंभर टक्के पटतं, मस्ती, मारामारी, रडारड, सगळं रांगेतच सुरू होतं, पळताना कुणी भांडत नाही.

२१ एप्रिल

तीन मैदानं चालली. बारकीला आज इतके खो मिळाले की शेवटी धापा टाकत "ताई जरा थांबा की" म्हणाली. पाणी पिऊन परत आत.

२७ एप्रिल

कन्नड शाळेतली पोरंपण यायला लागलीत, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कुंपणाबाहेरनं बघत बघत आत आली. आता मैदानावर मला कुणी ताई म्हणतं, कुणी अक्का. खो म्हणजे खो, त्याला भाषा लागत नाही, पण एकमेकांना हाक मारायला लागते, आणि ते पोरांनी आपसातच जमवून टाकलंय, पळताना "ओडो ओडो" (पळ पळ), कुणाचा खो चुकला की सगळे मिळून "परवागिल्ला!" (चालतंय की), खांबावर गडी मारला की "भाळ चलो!" (लई भारी). मराठी घरातली पोरंपण हेच ओरडायलीत. घरी भाषेवरनं मोठी माणसं काय बोलतात ते बोलू देत, इथं चौकात पाठीला पाठ लावून बसायचं असतं, एकाचं तोंड इकडं तर शेजारच्याचं तिकडं, आणि पाठीमागनं येणाऱ्यावर विश्वास ठेवायचा असतो.

खेळ संपल्यावर मोबाईलवर जानेवारीतल्या वर्ल्ड कपची फायनल थोडी दाखवली. दिल्लीला १९ जानेवारीला झाली, पहिलाच खो-खो वर्ल्ड कप, पोरींची आणि पोरांची दोन्ही फायनल नेपाळविरुद्ध आणि दोन्ही आपण जिंकलो. कॅप्टन प्रियांका इंगळे महाराष्ट्राची, आणि त्याच टीममध्ये आपल्या कर्नाटकची चैत्रा. टी. नरसीपूरकडची, खेड्यातलीच पोरगी. हे सांगितल्यावर दोन्हीकडच्या पोरी ताठ बसल्या. तिथं सातजणांचा नवा फॉरमॅट होता तेपण सांगितलं, नाहीतर उद्या "ताई, आपल्यात दोघं जास्त कसे" म्हणून डोकं खातील.

एकच झालं, आता सगळ्यांना सूर मारायचाय.

१ मे

सूर शिकवायचा तर नीट शिकवायचा. सरांच्या घरनं भाताचं पिंजर आणून मैदानाच्या कडेला जाड थर केला. पहिल्यांदा नुसतं पिंजरावर गुडघ्यावर बसून पुढं झेपावायचं, हात पूर्ण लांब, हनुवटी वर, पोटावर सरकत उतरायचं. कोपर किंवा गुडघा आधी टेकला की लागतं. ते जमलं की उकिडवं बसून. मग दोन पावलं चालत. पळत सूर आत्ता नाही, पावसाळ्यात माती मऊ झाली की बघू.

ज्याला भीती वाटते त्याने पिंजर सारखं करायचं काम घ्यायचं. कुणी त्याला भित्रा म्हणायचं नाही. दोघं पहिल्या दिवशी नुसतं पिंजर पसरत होते, आणि सगळी गेल्यावर, कुणी बघायला नाही बघून, स्वतःहून उड्या मारल्या. मी सायकलजवळनं बघत होते, मुद्दाम जवळ गेले नाही.

९ मे

कौतुक कसं करायचं यावर आज सरांशी बराच वेळ बोलणं झालं. नुसतं शाब्बास शाब्बास म्हणत राहिलं तर दोन दिवसात पोरांना त्याचं काही वाटत नाही, आणि पोरं खोटं कौतुक लगेच ओळखतात. कौतुकात काय केलंस ते सांगायला पाहिजे. "उठताना पाय आधीच वळवून ठेवला होतास म्हणून दोन पावलं वाचली बघ." "खो दिल्यावर पटकन बसलास, म्हणून पुढचा खो तुझ्याकडं आला." हे ऐकलं की पोरगं तेच उद्या परत करतं, कारण त्याला कळलं नेमकं काय बरोबर झालं.

चूक सांगताना उलट. सगळ्यांसमोर नाव घेऊन नाही, पाळी संपल्यावर बाजूला, आणि एकावेळी एकच गोष्ट. दिशा घेतल्यावर परत फिरलास, फाऊल झाला, पुढच्या वेळी खो देऊन टाक. बास, एवढंच. पोरगं चुकल्या चुकल्या त्याला स्वतःलाच कळलेलं असतं की, वरनं आपण ओरडून काय वेगळं सांगणार.

अमेरिकेत १९९८ साली पॉझिटिव्ह कोचिंग अलायन्स म्हणून संस्था सुरू झाली, ते लोक कोचना सांगतात की एक चूक दाखवायची तर पाच खऱ्या चांगल्या गोष्टी सांगितलेल्या असाव्यात. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी आजपासून उजव्या खिशात पाच खडे ठेवलेत. कुणाला नेमकं चांगलं काही सांगितलं की एक खडा डाव्या खिशात. पाचही डावीकडं गेले की मगच एक दुरुस्ती. चाळीस वर्षं शिट्टी फुंकलेला माणूस खडे मोजत मैदानावर फिरतोय, आणि पोरं विचारायलीत सर खिशात काय आहे. सांगायचं नाही असं ठरलंय.

१८ मे

एका पोराचे वडील रोज सकाळी कंपाउंडला टेकून उभे राहतात आणि पूर्ण वेळ ओरडतात. "अरे पळ की! झोपलास काय! खो दे खो दे!" पोरगं पळताना निम्मा वेळ बापाकडं बघतं. चांगला खेळतो पण वडील आले की खांबाजवळ जायचं टाळतो, मी हे आठवडाभर बघत होते.

आज संपल्यावर त्यांच्याकडं गेले. म्हटलं काका, जरा बसू. ते म्हणाले, "हे बघ पोरी, ओरडल्याशिवाय पोरं सुधारत नाहीत, आम्हाला वस्तादांनी काठी घेऊन शिकवलं." तालमीत घडलेला माणूस, त्यांच्या जागी ते खरंच बोलायलेत, त्यांना पोराचं भलंच पाहिजे. मी वाद घातला नाही. म्हटलं एक सांगते. अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लोकांनी बारक्या पोरांच्या बेसबॉल टीम घेतल्या. काही कोचना छोटं ट्रेनिंग दिलं, चांगलं केलेलं लगेच सांगा, चुकल्यावर धीर द्या, मग कसं करायचं ते दाखवा, शिव्या आणि शिक्षा बंद. बाकीचे कोच जुन्याच पद्धतीने. पुढच्या वर्षी बघितलं तर जुन्या पद्धतीच्या टीममधनं शंभरातली २६ पोरं खेळ सोडून गेली होती, आणि ट्रेनिंगवाल्या कोचकडची फक्त ५. १९९२ ला हे छापून आलंय. आणि मॅच जिंकण्यात दोन्हीकडं फार फरक नव्हता, म्हणजे प्रेमाने शिकवलं म्हणून टीम ढिली पडली असंपण नाही.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे मी येऊ नको म्हणायलीस?" म्हटलं असं कसं काका, रोज या, पण मला टायमिंग बघायला माणूस पाहिजे, आणि प्रत्येक पोराला किती खो मिळाले ते लिहायला. स्टॉपवॉच त्यांच्या हातात दिलं.

२० मे

काकांचं लक्ष आता आकड्यात आहे. ओरडायला वेळच नाही. आज स्वतः येऊन सांगितलं, "त्या टोकाच्या पोरीला दोनच खो गेलेत बघ, तिला द्यायला सांग." पोराने दोनदा खांबावर गडी मारला.

३० मे

पाऊस. यंदा मान्सून केरळात २४ मेलाच आला आणि आपल्याकडंपण लगेच धरला. शाळा आता सुरू होणार, तेव्हा वेळ बदलून संध्याकाळी पाच. मैदान चिखल. देवळाच्या सभामंडपात लंगडी, चौकात बसून झटकन उठायचे खेळ (डोळे मिटून बसायचं, पाठीला हात लागला आणि खो ऐकू आला की उठायचं, नुसता हात लागला तर नाही, नुसता आवाज आला तर नाही). हसून हसून पोट दुखतंय पोरांचं आणि मैदानावर लवकर उठण्याचा फाऊल आपोआप कमी होणार.

६ जुलै

रोप लावणी सुरू आहे, निम्मी पोरं शेतात. हजेरीत गैरहजर लिहायचं नाही, "लावणी" लिहायचं. परत आल्यावर कुणालाही "कुठं होतास इतके दिवस" विचारायचं नाही, "आलास, बरं झालं, चल आत ये", एवढंच. चिखलात वाकून दिवसभर रोपं लावलेल्या पोराला मी व्यायाम काय शिकवू.

पण सातवी-आठवीतल्या तीन पोरी लावणी नसतानापण यायच्या बंद झाल्या. त्यातली एक आमची सगळ्यात चांगली पळणारी. घरी गेले तर आजी म्हणाली "आता मोठी झाली, पुरे पळणं". पोरगी आतनं ऐकत होती. चहा झाला, मी आजीच्याच बाजूने सुरुवात केली, काळजी बरोबर आहे म्हटलं. मग सांगितलं, हितनं जवळच तुरमुरीची मलप्रभा जाधव, शेतकऱ्याच्या घरातली, २०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळात कुराशमध्ये ब्राँझ घेऊन आली. आजीला तुरमुरी माहीत, कुराश माहीत नाही. कुस्तीसारखंच असतं म्हटल्यावर "पोरगी कुस्ती खेळली?" म्हणून डोळे मोठे झाले, आणि मग बराच वेळ तिच्याबद्दलच विचारत बसली.

खरं कारण पोरीने मला दारात सांगितलं. पाळीचे दिवस, मैदानाजवळ बाथरूम नाही, आणि पांढरी शॉर्ट. एवढंच. एवढ्यासाठी एक चांगली खेळाडू घरी बसली होती. आजच ठरवलं, पोरींना काळी ट्रॅक पॅन्ट चालेल, मैदानाशेजारच्या घरातल्या वहिनींनी बाथरूम वापरा म्हणून सांगितलंय, कपाटात पॅड ठेवायचे, आणि त्या दिवसात खेळायचं, नुसतं बसायचं की घरी राहायचं हे पोरगीच ठरवेल, कारण विचारायचं नाही. टीम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या आठवड्यात विचारून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, बारा वर्षांची पोर स्वतः येऊन सांगणार नाही.

१० जुलै

तिघीपैकी दोघी आल्या. आजी मैदानापर्यंत सोडायला आली होती.

अजून एक, दोन पोरांच्या गुडघ्याखालचं हाड दुखतंय, वाटीच्या खाली टेंगूळ आल्यासारखं. या वयात हाडं झपाट्याने वाढतात, मांडीचा स्नायू तिथंच ओढला जातो, त्यात पळणं-उकिडवं बसणं सतत. डॉक्टरांना दाखवलं, थोडे दिवस आराम आणि बर्फ. खेळता खेळता बरं होईल म्हणून ढकलायचं नाही. दोघांना पंचाचं काम दिलंय, शिट्टी मिळाली म्हणून ते खूष आहेत.

२० जुलै

अमेरिकेतल्याच एका संशोधनात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना विचारलं होतं की तुम्हाला खेळात मजा कशाने येते. २०१४ च्या आसपासचं. पोरांनीच सांगितलेल्या ८१ गोष्टी निघाल्या, आणि त्यात जिंकणं ४८ व्या नंबरला. वर काय होतं तर जीव तोडून खेळणं, टीममधले एकमेकांशी बरं वागणं, आणि कोच नीट वागणं.

वाचल्यापासून मनात होतं आपल्या पोरांना विचारायचं. आज पावसात सभामंडपात सहा वाट्या ठेवल्या, चिठ्ठ्या लावल्या: जिंकणं, मित्रमैत्रिणी, नवीन काहीतरी जमणं, जोरात पळणं, ताई-सर ओरडत नाहीत, खाऊ. प्रत्येकाला तीन चिंचोके, कुठंही टाका, मी आणि सर बाहेर उभे राहिलो. जिंकण्याच्या वाटीत तळ दिसत होता. मित्रांची आणि पळण्याची वाटी भरली होती. खाऊची पण भरली होती, शेंगा-गूळ चालूच ठेवायला पाहिजे. काकांनी, म्हणजे स्टॉपवॉचवाल्या काकांनी, वाट्या स्वतः बघितल्या आणि परत परत बघितल्या.

याचा अर्थ पोरांना जिंकायचं नसतं असा मी घेत नाही. विषामृतमध्येपण हरलं की रडतात. जिंकायचं असतंच, पण उद्या परत यावंसं वाटतं ते बाकीच्या वाट्यांमुळं.

५ ऑगस्ट

पाऊस, पाऊस. काही नाही.

१७ ऑगस्ट

शेजारच्या गावाबरोबर फ्रेंडली ठरलीय. टीम कशी निवडायची यावर सर आणि मी वेगवेगळं बोललो. सर म्हणाले चांगले बारा निवडू, पोरांना स्पर्धेची चव कळू दे. मी म्हटलं बाराच्या तीन टीम करू, सगळे खेळतील. सरांचं म्हणणंपण चूक नाही, मोठ्या पोरांना खरी टक्कर पाहिजे असते, नुसतं सगळ्यांना समान वाटत बसलो तर नववीतली पोरं कंटाळतील. शेवटी वय बघून दोन वेगळे नियम केले. अकरा-बाराच्या खालची पोरं, सगळी खेळणार, निकाल लिहायचा नाही, नंबर काढायचे नाहीत. वरच्यांची निवड होईल, पण प्रत्येक डावात प्रत्येकाला एकदा तरी पाठलाग किंवा पळायला उतरवायचं. खो-खोत हे सोपं आहे, पळणारे तीन-तीनच्या तुकडीनेच उतरतात, नऊजणांना तर अशीच संधी मिळते.

हा बारक्यांचा नियम मी मनाने काढलेला नाही. नॉर्वे देशाने १९८७ पासून मुलांच्या खेळाचे नियमच करून ठेवलेत, वयाच्या अकराव्या वर्षाआधी निकालाच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही. साधारण ५५ लाख लोकांचा देश, आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्ण घेऊन सगळ्यात वर. लहानपणी नंबर काढले नाहीत म्हणून त्यांचे खेळाडू कमी पडले नाहीत एवढं तर दिसतंय.

आणि वय म्हणजे नुसता वर्ग नव्हे. एकाच वर्गात जूनमध्ये जन्मलेला आणि पुढच्या मेमध्ये जन्मलेला यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक, या वयात तो उंचीत, ताकदीत सगळीकडं दिसतो. आज मागं पडणारा दोन वर्षांनी कुठं असेल कुणी सांगावं, फक्त तोवर तो मैदानावर राहायला पाहिजे.

२४ ऑगस्ट

फ्रेंडली झाली. आमच्याकडचा एक जाडसर पोरगा, सगळे त्याला पळायला नको म्हणायचे. पण बसल्या जागेवरनं पळणाऱ्याचा अंदाज त्याच्याइतका कुणालाच येत नाही, हे काकांच्या वहीत दिसलं होतं, त्याला खो दिला की बहुतेक वेळा गडी बाद. त्याला खांबाजवळच्या चौकात बसवलं. दोन गडी त्याने उठता उठता मारले. सामना संपल्यावर पलीकडच्या गावच्या पोरांनी येऊन त्याला विचारलं तू कसं ओळखतोस. तो सांगत बसला, कंबर बघायची, पाय बघायचे नाहीत, पाय फसवतात. हे त्याला आम्ही शिकवलेलं नाही.

२७ ऑगस्ट

गणपती. आता काही दिवस मैदान रिकामं, पोरं मंडपात.

१४ सप्टेंबर

आज स्पर्धा होती, तालुक्यातल्या बऱ्याच टीम. पहिला सामना जिंकलो, दुसरा हरलो, चांगल्या फरकाने. समोरची टीम खरंच चांगली होती, साखळी (बसलेल्यांच्या मधनं नागमोडी पळणं) मध्येच तोडून पळणं त्यांना फार सुंदर जमतं, आमची पोरं पाठलाग करताना नुसती मागं धावत राहिली, पुढच्या चौकाला खो द्यायचं विसरली. हे आता शिकवायला पाहिजे.

पण आज मला लिहायचंय ते दुसरं. एका टीमचा कोच (नाव-गाव लिहीत नाही) हरल्यावर पोरांना सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावत होता. एक पोरगी रडत रडत मोजत होती. आमची पोरं गप्प होऊन बघत होती. पीटी सर त्यांच्याकडं गेले, शांतपणे बोलले, काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण उठाबशा थांबल्या. मग आमच्या मोठ्या पोरींनी जाऊन त्या पोरीला पाणी दिलं, शेंगा दिल्या.

आम्ही नेहमीसारखे गोल बसलो. आमचा नियम आहे, सामना संपला की प्रत्येकाने दुसऱ्या कुणाची तरी आज बघितलेली एक चांगली गोष्ट सांगायची, स्वतःची नाही. हरलेल्या दिवशी हे अवघड जातं, सुरुवातीला कुणी बोलेना. मग ती चौथीतली बारकी (आता पाचवीत) म्हणाली, "अक्का पडली तरी तिथनंच खो दिली." तिथनं सुरू झालं आणि थांबेना. एकजण म्हणाला समोरच्या टीमचा तो लाल बनियनवाला कसा वळतो, आपण शिकायचं. विरोधी टीमचं कौतुक पहिल्यांदाच आलं या गोलात, आणि ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

१५ सप्टेंबर

संध्याकाळी पाचला सगळी हजर. मी मनातनं घाबरले होते की हरल्यावर चार-पाच गळतील. लाल बनियनवाला कसा वळला याची नक्कल करायची स्पर्धा लावली होती पोरांनी मी पोचायच्या आधीच.

२८ सप्टेंबर

नवरात्र. पहाटेच्या दौडीला आमची बरीच पोरं जातायत, अंधारात उठून, अनवाणी, गावातनं घोषणा देत. संध्याकाळी परत प्रॅक्टिसला. त्यांना म्हटलं दमला असाल तर आज नको. "नाही ताई, खेळायचंय." तरी आज हलकंच ठेवलं, नुसती हुलकावणी आणि खांबाला वळणं, झोप पुरी झाली नसली की पाय मुरगळतात.

१२ ऑक्टोबर

पाठलागाचा नवा खेळ केला. पाठलाग करणाऱ्याने सलग पाच पावलांपेक्षा जास्त पळायचंच नाही, खो द्यायचाच. पोरं आधी चिडली, "ताई, हाताशी आला होता!" मग एकाच दिवसात कळलं की आठजण मिळून पळवलं तर एकटा पळणारा लवकर सापडतो. स्पर्धेत जे चुकलं ते असं खेळातनं आत जातं, फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा कितीतरी लवकर. सरांचे खडे आज सगळे डाव्या खिशात गेले आणि दुरुस्तीची वेळच आली नाही.

९ नोव्हेंबर

सुगी जोरात, भात कापणी-मळणी, पोरं परत कमी. मैदानाच्या एका बाजूला कुणीतरी भाताच्या पेंढ्या रचल्यात, काढा म्हणायचं नाही, महिनाभरात जातील.

नववीतल्या दोन पोरी आज म्हणाल्या, बारक्यांचा गट आम्ही घेऊ का. एक मराठी शाळेतली, एक कन्नड. पुढच्या वर्षी दहावी, म्हणून त्यांना आठवड्यातनं दोनच दिवस. त्यांच्याबरोबर बसून एवढंच बोलले: सगळ्या पोरांना पहिल्या पाच मिनिटात पळायला मिळालं पाहिजे, कुणी रांगेत उभं नको, नाव घेऊन चांगलं सांगा आणि चूक बाजूला नेऊन सांगा. कुणी रडलं तर खेळ थांबवू नका, एकीने त्याच्याजवळ बसा, दुसरीने चालू ठेवा. बाकी त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतंय, त्या इतके महिने आतनं खेळल्यात.

सरांनी उजव्या खिशातले पाच खडे काढून एकीच्या हातात दिले आणि शेवटी सांगितलं कशाचे आहेत. दुसरी म्हणाली मला पण पाहिजेत, आणि मैदानाच्या कडेला बसून स्वतःचे निवडायला लागली.

उद्यासाठी: फक्की संपलीय, अर्धं पोतं आणायचं. डावीकडचा खांब हलतोय, सुताराला बोलवायचं. जाडसर पोराच्या आईला भेटायचं, ती म्हणायली की तो आता कोच होणार म्हणतोय, तर त्याला शनिवारी बारक्यांच्या गटात घेऊ.